गुडघे दुखतात, सभामंडपातल्या व्यायामाला जाऊ का?

या वेळचं पत्र बेळगावातल्या वडगावहून आलं आहे. थोडं आटोपशीर केलं आहे, बोली तशीच ठेवली आहे.

«ताई, नमस्कार. मी वडगावची, वय ५८. लग्न होऊन आलो तेव्हापासून घरात माग होते. तीस वर्षं मी खाली बसून कांड्या भरल्या. आता माग विकले, खरं गुडघेदुखी राहिली. दोन्ही दुखतात, उजवा जास्त. जिना उतरताना जीव जातो. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. गुडघ्यातला गॅप कमी झालाय, संधिवात आहे म्हणाले. गोळ्या दिल्या, व्यायाम करा म्हणाले. बीपीची गोळी आधीपासून चालू आहे. फिजिओथेरपीच्या बाईंनी एक कागद दिला, त्यात चित्रं आणि सगळं इंग्रजीत. आठ दिवस केलं. मग एक दिवस पाहुणे आले, एक दिवस दुखलं म्हणून सोडलं, ते सुटलंच.

आमच्या गल्लीमागच्या देवळाच्या सभामंडपात आठवड्यातून तीनदा सकाळी सहाला बायकांचा व्यायाम सुरू झालाय. शिकवणारी मुलगी फिजिओथेरपी शिकलेली आहे. शेजारीण रोज हाक मारते. सून पण म्हणते, जावा आत्या. खरं आमचे हे म्हणतात, ‘आधीच झिजलेत, आणखी कशाला झिजवतीस?’ मलाही भीती वाटते. मला खाली बसता येत नाही. त्यापायी दोन वर्षं झाली, मी भजनाला जायचं पण सोडलंय. सगळ्या खाली आणि मी एकटी खुर्चीवर, बरं दिसत नाही. व्यायामात पण तसंच होणार.

दुसरं, माझी धाकटी बहीण निपाणीकडं असते, विड्या वळते. तिची बोटं सकाळी आखडलेली असतात, दहा वाजेपर्यंत मूठ वळत नाही. सुजतात पण. तिला असला व्यायाम चालेल काय?
— एक आजी, वडगाव»

अक्का, नमस्कार.

सही ‘आजी’ म्हणून केलीत, पण ५८ म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं वय. म्हणून अक्काच म्हणते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते: जा. येत्या वारापासून जा. बहिणीला मात्र आधी डॉक्टर, मग व्यायाम. ते का, हे पुढे सांगते.

तुमच्या ह्यांच्या बोलण्याचा मला राग आला नाही. आमच्या घरातही हेच बोललं गेलं होतं. माझी आई खानापूर तालुक्यातली. सगळा जन्म पावसात, चिखलात वाकून भाताची लावणी करण्यात गेला. साठीला आली आणि गुडघे धरले. माझं फिजिओथेरपीचं शिक्षण तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं, अजून काही कळत नव्हतं. आम्ही भावंडांनी तिला बसवलं. पाणी आणू नकोस, शेताकडे जाऊ नकोस, देवळाच्या पायऱ्या चढू नकोस. प्रेमानंच म्हणत होतो. दोन वर्षांत ती उंबरा ओलांडताना चौकट धरायला लागली, आणि आम्ही म्हणत राहिलो, बघा, आजार किती वाढला. आजार थोडा वाढला असेल. बाकीचं आम्ही तिला बसवून केलं होतं. हे मला पुढे अभ्यासात कळलं आणि ते अजून मनातून जात नाही. म्हणून तुमच्या पत्राला इतकं लांब उत्तर लिहिते आहे.

‘झिजलेत’ हा शब्दच आपल्याला फसवतो. तुम्ही मागावरच्या आहात. धोटा झिजला की झिजला, जितका जास्त चालवाल तितका लवकर जाणार, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. गुडघ्याचं तसं नाही, कारण गुडघा जिवंत आहे आणि त्याला खायला लागतं. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिला स्वतःची रक्तवाहिनी नसते. सांध्यात जो थोडासा दाट द्रव असतो, ज्याला आपल्याकडे सगळे ‘वंगण’ म्हणतात, त्यातूनच तिचं पोषण होतं. पाय टेकला की कूर्चा दाबली जाते, उचलला की सुटते, आणि या दाबण्या-सुटण्यात तो द्रव तिच्यात आत-बाहेर होतो. ओला स्पंज दाबून सोडावा तसं. हे वंगण बाहेरून ओतावं लागत नाही, सांध्याचं आतलं अस्तरच ते तयार करतं, आणि हालचालीनं ते सगळीकडे पसरतं. बसून राहिलेल्या गुडघ्याची उपासमार होते.

दुसरी गोष्ट मांडीची. मांडीच्या पुढचा जो मोठा स्नायू आहे तो जिना उतरताना शरीराचा धक्का झेलतो. दुखतं म्हणून आपण जिना टाळतो, उठताना हातावर जोर देतो, चालणं कमी करतो, आणि तो स्नायू महिन्या-दोन महिन्यांत सुकायला लागतो. मग तो झेलत होता तो धक्का थेट सांध्यावर येतो. आणखी दुखतं, आणखी बसतो. तुम्हाला जिना चढण्यापेक्षा उतरताना जीव जातो, यातही या स्नायूचा मोठा वाटा आहे. आणि स्नायू कोणत्याही वयात परत कमावता येतो, साठीतही, ऐंशीतही.

एक्स-रेतल्या ‘गॅप’बद्दलही सांगते, कारण त्या एका शब्दानं मी कितीतरी बायकांना खचलेलं पाहिलंय. चित्रात दिसणारी झीज आणि प्रत्यक्षातलं दुखणं यांचा हिशोब नेहमी जुळत नाही. खूप गॅप कमी झालेली बाई बाजार करून येते, आणि थोडीच झीज असलेली खाटेवर असते. व्यायामानं गॅप भरून येत नाही. तसं कुणी सांगत असेल, व्यायामाचं असो की तेलाचं की इंजेक्शनचं, तर विश्वास ठेवू नका. व्यायामानं दुखणं कमी होतं, बहुतेकांचं पूर्ण जात नाही, पण उठणं, बसणं, जिना, बाजार हे सोपं होतं. पहिल्या आठवड्यात काही वाटणार नाही, उलट मांड्या भरून येतील. फरक कळायला सहा-आठ आठवडे द्या. आणि सोडलं की मिळालेलं हळूहळू परत जातं, हेही आधीच माहीत असू द्या.

आता तुमच्या आठ दिवसांकडे येते. आठ दिवस केलं आणि सुटलं, हे तुम्ही चूक कबूल करावी तसं लिहिलंय. अक्का, तो तुमचा आळस नाही. इंग्रजी कागद, बंद खोली, एकटी बाई, आणि दुखलं तर हे बरोबर दुखतंय की चुकीचं, हे सांगायला कुणी नाही. अशात आठ दिवस टिकलात, हेच पुष्कळ. घरी व्यायाम सांगितलेल्यांपैकी बरेच जण काही आठवड्यांत सोडतात, हे जगभर दिसतं.

म्हणूनच जगात ठिकठिकाणी हा उपचार गटात द्यायला सुरुवात झाली. डेन्मार्कमध्ये २०१३ सालापासून गुडघ्या-खुब्याच्या संधिवातासाठी असा एक कार्यक्रम चालतो. आधी दोन वेळा सांधा म्हणजे काय हे समजावून सांगायचं, मग सहा आठवड्यांत, आठवड्यातून दोनदा, असे बारा वर्ग फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली गटात करायचे. इंग्लंडमध्येही याच धर्तीवर सहा आठवड्यांचे बारा वर्ग होतात, तिथे प्रत्येक वेळी थोडं बोलणं आणि मग व्यायाम. यंत्रसामग्री फारशी लागत नाही. खुर्चीवरून उठणं-बसणं, पायरी चढणं-उतरणं, तोल सांभाळणं, मांडी-नितंबाचे स्नायू बळकट करणं, एवढंच. वडगावच्या सभामंडपात हे सगळं करता येतं.

एकट्यानं नीट, नेमानं केलेला व्यायाम आणि गटात केलेला व्यायाम यांची तुलना केली तर गुडघ्याला होणारा फायदा साधारण सारखाच निघतो. गटात करण्यानं व्यायामात काही जादू शिरत नाही. गटामुळे तो केला जातो. सोमवारी सहाला शेजारीण दाराशी येऊन हाक मारणार आहे, आणि तुम्ही गेला नाहीत तर मंगळवारी विचारणार आहे, ‘काय झालं गं?’ माझ्या तीस वर्षांच्या कामात या हाकेइतकं नेमानं काम करणारं दुसरं काही मी पाहिलं नाही.

भीतीवरही गट चालतो. मी तुम्हाला कितीही सांगितलं की खुर्चीवरून हात न टेकता उठा, काही होत नाही, तरी मनात ह्यांचा आवाज राहणारच. पण तुमच्यासारखेच गुडघे असलेली, तुमच्याच वयाची बाई समोर उठते, बसते, पुन्हा उठते, आणि दुसऱ्या दिवशी चालत परत येते, हे पाहिलं की मन ऐकतं. एका गावात मी असा वर्ग घ्यायचे. तिथे निम्म्या बायका मराठी बोलणाऱ्या, निम्म्या कानडी. मोजणी कुणाच्या भाषेत, हे ठरेना. शेवटी एक फेरी ‘एक, दोन, तीन’ आणि एक फेरी ‘ओंदु, एरडु, मूरु’ अशी ठरली. दुखलं तर थांबायला सगळ्यांचा एकच शब्द होता, ‘साकु’, म्हणजे कानडीत ‘पुरे’. कुणीही साकु म्हटलं की तिनं बसायचं, बाकीच्यांनी वळून बघायचं नाही. तुमच्या भागात दोन्ही भाषांची घरं शेजारी-शेजारी आहेत, त्या मुलीला ही पद्धत जरूर सांगा.

आणि आता मला तुमच्या पत्रातलं सर्वांत जास्त लागलेलं वाक्य. दोन वर्षं भजनाला गेला नाहीत. मला विचाराल तर तुमच्या गुडघ्यांनी तुमचं जे सर्वांत मोठं नुकसान केलं ते हे. जिना नव्हे. दुखणं आधी खाली बसणं काढून घेतं, मग ज्या ज्या ठिकाणी खाली बसावं लागतं ती ठिकाणं काढून घेतं: भजन, हळदीकुंकू, पंगत, पारायण. माणूस घरी एकटा पडला की दुखण्याकडे लक्ष जास्त जातं, झोप बिघडते, मन खाली जातं, आणि झोप बिघडली की दुखणंही जास्त जाणवतं. हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. गटातल्या व्यायामानं मनाला बरं वाटतं, झोप सुधारते, असं अभ्यासांत दिसतं, त्याचं मला कधी नवल वाटलं नाही.

तेव्हा खुर्ची. ‘मी एकटी खुर्चीवर, बरं दिसत नाही.’ अक्का, या वर्गात तुम्ही एकट्या नसाल, कारण चांगल्या वर्गात पहिले काही आठवडे सगळ्याच जणी खुर्चीवर असतात. खुर्ची हेच तिथलं मुख्य साधन आहे. आणि भजनातही ज्यांचे गुडघे दुखतात अशा तुम्ही एकट्याच असाल, हे मला पटत नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांनी घरोघर जाऊन सांध्यांच्या आजारांची पाहणी सुरू केली, तेव्हा हाडं, सांधे आणि स्नायूंची दुखणी हीच त्या गावातली ठळक तक्रार निघाली. तुमच्या मंडळात वीस बायका असतील तर त्यांतल्या काही जणी आजही मांडी घालून बसताना ओठ दाबून बसत असतील. तुम्ही खुर्ची घेऊन बसलात तर दुसरी पण घेईल.

भजनाची गोष्ट निघाली म्हणून एक सुचवते. दिंडीतली पाउली तुम्हाला येत असणार. पुढे पाऊल, मागे पाऊल, गुडघ्यात किंचित वाकणं, टाळाच्या ठेक्यावर. उडी न मारता, बेतानं केली तर सांधे गरम करायला पाउलीहून चांगलं मला काही सुचत नाही. सुरुवातीची पाच-सात मिनिटं अभंगावर पाउली घ्या, असं त्या मुलीला सांगून बघा. ज्या बायका ‘व्यायाम’ म्हटल्यावर लाजतात त्या टाळ वाजला की पाऊल टाकतात.

वर्गाला जाण्याआधी काय बघायचं ते सांगते. पहिल्या दिवशी ती मुलगी प्रत्येकीला तिचा आजार, औषधं, कधी पडलात का, छातीत दुखतं का, असं विचारते का? तुमची बीपीची गोळी चालू आहे, हे तुम्ही होऊन सांगा. व्यायाम करताना श्वास रोखून जोर लावायचा नाही, हे बीपी असलेल्यांनी खास लक्षात ठेवायचं. प्रत्येकीला आपापल्या ताकदीनं करायला सांगते, की सगळ्यांना एकाच मापानं पळवते? वज्रासन, पूर्ण उकिडवं बसणं, उड्या, हे सुरुवातीला तुमच्यासाठी नको. कुणी मांडी दाबून बसवायला लागलं तर सरळ साकु म्हणा. ती खरंच शिकलेली असेल तर यातलं काहीच तिला नवीन नसेल.

तुमच्या वाट्याला साधारण असं येईल: खुर्चीत बसून एक पाय सरळ करून थोडा वेळ धरणं, आठ-दहा वेळा. खुर्चीवरून उठणं-बसणं, सुरुवातीला उंच खुर्ची किंवा खाली एक उशी. खिडकीचा गज धरून टाचा उचलणं. मंडपाच्या एका बुटक्या पायरीवर चढ-उतार, हात खांबाला. भिंतीजवळ एका पायावर क्षणभर उभं राहणं. आणि शेवटी मंडपात फेऱ्या. यात जे सोपं व्हायला लागेल ते वाढवायचं. वर्षभर तेच आठ वेळा करत राहिलात तर स्नायू तिथेच थांबतो, हे बऱ्याच वर्गांत विसरतात.

किती दुखलेलं चालेल? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तुमच्या आठव्या दिवशी हाच आडवा आला होता. मनात दहापर्यंत आकडे धरा. शून्य म्हणजे काही दुखत नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडचं. व्यायाम करताना पाचपर्यंत दुखलं तर घाबरू नका, त्यानं सांधा खराब होत नाही. घरी आल्यावर दोन तासांनी दुखणं व्यायामाआधी होतं तितक्यावर आलं पाहिजे. नाही आलं, किंवा दुसऱ्या सकाळी गुडघा जास्त सुजला, तर पुढच्या वेळी थोडं कमी करा. कमी करा म्हणते, बंद करा म्हणत नाही. दुखलं त्या दिवशीही मंडपात जा, खुर्चीत बसून जेवढं होईल तेवढं करा. सवय मोडू देऊ नका.

काही गोष्टींत मात्र थांबून डॉक्टरांकडे जायचं: सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, गुडघा अडकून सरळच होईना, किंवा चालताना छातीत दाटलं.

सकाळी सहाची वेळ मला तुमच्यासाठी थोडी लवकर वाटते. रात्रभर न हललेला सांधा उठल्यावर आखडलेला असतो. तुमच्या प्रकारच्या संधिवातात हे आखडणं बहुधा अर्ध्या तासात सुटतं. म्हणून साडेपाचला उठून, गरम पाण्यानं पाय शेकून किंवा आंघोळ करून, घरात दहा मिनिटं फिरून मग जा. बायकांना विचारून वेळ सातची करता आली तर आणखी चांगलं. आणि हा वर्ग छपराखाली आहे, ही फार जमेची बाजू. आपल्याकडे जूनपासून चार महिने व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर किंवा तळ्याकाठी फिरणाऱ्यांचा नेम पाऊस मोडतो आणि तो दिवाळीपर्यंत परत लागत नाही. सभामंडपात तो प्रश्न नाही, फक्त ओल्या फरशीची काळजी घ्या. मागून पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल किंवा बूट घाला. साडी नेसून हे सगळे व्यायाम होतात. पदर खोचा, निऱ्या घोट्याच्या वर घ्या. सुनेचा पंजाबी ड्रेस घालायची इच्छा असेल तर घाला, पण साडीपायी वर्ग चुकवू नका.

आता बहिणीबद्दल, आणि हे जरा मन लावून वाचा. तुमचा आजार आणि तिचा आजार एकच असेल असं मला वाटत नाही. विड्या वळून बोटं आणि अंगठा दुखतो, हे खरं. पण बोटं सुजणं आणि सकाळी दहापर्यंत मूठ न वळणं, म्हणजे तासाहून कितीतरी जास्त आखडणं, याला कामाचा शीण म्हणून सोडून देता येत नाही. हा आमवात असू शकतो. त्यात शरीराची संरक्षण यंत्रणाच स्वतःच्या सांध्यांवर उलटते. त्याची औषधं वेगळी असतात, आणि ती पहिल्या काही महिन्यांत सुरू झाली तर बोटं वाकडी होण्यापासून वाचतात. नुसत्या दुखण्याच्या गोळ्यांनी तो आजार थांबत नाही, आतून चालू राहतो. म्हणून तिला आधी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे संधिवाताच्या खास डॉक्टरांना दाखवा. ते निपाणीत मिळाले नाहीत तर बेळगावला किंवा कोल्हापूरला. बेळगावला येणार असेल तर तिकिटाची अडचण नाही, २०२३ च्या जूनपासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत आहे. तिच्याकडे विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर विडी कामगार कल्याण निधीच्या दवाखान्यातून सुरुवात करता येईल, पण तिथून पुढे चिठ्ठी मागून घ्यायची. हे दिवाळी झाल्यावर, लग्न झाल्यावर असं नको. या महिन्यात.

औषध लागू पडून सूज उतरली की तिलाही गटातला व्यायाम चालतो, नव्हे, हवाच. पूर्वी आमवाताच्या रोग्यांना विश्रांतीच सांगत. नेदरलँड्समध्ये सुमारे तीनशे रोग्यांवर दोन वर्षं अभ्यास झाला, त्याचे निकाल २००३ साली आले. त्यातल्या एका गटाला आठवड्यातून दोनदा, चांगला जोराचा व्यायाम वर्गात दिला होता. त्यांची कामं करण्याची ताकद वाढली, मन सुधारलं, आणि आजार भडकला नाही. ज्यांचे गुडघे-खांद्यांसारखे मोठे सांधे आधीच बरेच खराब होते त्यांनी जपून करावं, एवढी सूचना मात्र त्यातून आली. तिची वेळ सकाळची नको, दुपारची किंवा संध्याकाळची, बोटं सुटल्यावरची. ज्या दिवशी सांधे सुजून गरम असतील त्या दिवशी नुसतं हळुवार हलवणं. तिच्यासारख्या चार-सहा विडीवाल्या जणी शेजारात असतीलच. खाली वाकून तासन् तास बसणाऱ्या सगळ्यांचीच पाठ आणि मान धरलेली असते. त्यांनी एका घराच्या सोप्यात बसून दर तासाला पाच मिनिटं एकत्र उठायचं ठरवलं तरी सुरुवात झाली.

गोळ्यांबद्दल दोन शब्द. बीपी असताना दुखण्याच्या गोळ्या मनानं रोज घेऊ नका. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी बीपी वाढतो, पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा होते. कोणती, किती दिवस, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आणि आठवडी बाजारात किंवा कुणाच्या सांगण्यावरून मिळणारी बिननावाची पुडी तुम्हीही घेऊ नका, बहिणीलाही घेऊ देऊ नका. ‘दोन दिवसांत गुण’ देणाऱ्या अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि त्यानं हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते.

वजन थोडं जास्त असेल तर तेही हळूहळू उतरवा. एक किलो उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. पण वजन उतरेपर्यंत व्यायामाला थांबायचं नाही.

राहिले तुमचे हे. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना हाताशी घ्या. आज संध्याकाळी भिंतीला टेकवून एक खुर्ची ठेवा, त्यांच्या हातात घड्याळ द्या. हात छातीवर बांधून अर्ध्या मिनिटात तुम्ही किती वेळा पूर्ण उभ्या राहून पुन्हा बसू शकता ते त्यांना मोजू द्या. हातांशिवाय उठताच आलं नाही तर हात टेकून करा आणि तसं लिहा. आकडा कॅलेंडरवर आजच्या तारखेच्या चौकोनात त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या. सहा आठवडे पुढे जाऊन त्या तारखेलाही खूण करा. त्या दिवशी पुन्हा त्यांनीच मोजायचं. आणि त्यांचेही गुडघे कुरकुरत असतील, तर मंडपात पुरुषांसाठी वेगळी वेळ ठेवता येईल का, तेही मुलीला विचारा. आपल्याकडे तालमीत वाढलेले पुरुष साठीनंतर व्यायाम पोरांवर सोडून देतात, आणि त्यांना हाक मारायला शेजारीणही येत नाही.

शेजारणीला आजच निरोप द्या: सोमवारी थोडी लवकर ये, मला चालायला वेळ लागतो, आणि माझी खुर्ची खिडकीजवळ ठेवायला सांग, गज धरता येईल अशी. सहा आठवड्यांनी दोन्ही आकडे मला कळवा. बहिणीला डॉक्टर काय म्हणाले तेही.

तुमची,
ताई